आधी काढून टाका म्हणणाऱ्यांना

हे लिहिताना माझे तळपाय सोलून निघालेले आहेत आणि तोंडाला चव नाही, त्यामुळे भाषा गोड असणार नाही. किडनीचा कॅन्सर पसरलेल्या अवस्थेत सापडलाय आणि आता पहिला उपचार कोणता घ्यायचा, या प्रश्नापुढे जे आज उभे आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मला दिलेलं औषध तुम्हाला चालेल असं नाही. खात्रीनं सांगू शकते ते एवढंच, की ठरवण्याचं काम तुमच्या पाठीमागे उरकून टाकायचा प्रयत्न होईल. तुम्ही बाई असाल, लग्न झालेलं नसेल आणि वडील हयात असतील, तर तो हमखास होईल.

खडा

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. इथे विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागतं. किडन्या निकामी झालेली माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. डायलिसिस हा शब्द चौथीतल्या पोरांनाही माहीत आहे. त्यामुळे इथे लघवी लाल झाली की निदान करायला डॉक्टर लागत नाही. पारावर बसलेला कोणीही सांगतो, खडा आहे.

मलाही खडाच झाला, सगळ्यांच्या मते. माझी आत्या जानेफळहून खड्याचं औषध घेऊन आली. कुळथाचा काढा झाला, पानफुटीची पानं झाली. कमरेत कळ यायची, वजन उतरत चाललं होतं, आणि आत्या म्हणायची, "पडून राह्यला खडा की आपोआप अंग धरशीन. आमच्या गावात शंभर लोकायचे पडले."

मी तालुक्याला शिकवणीचे वर्ग घेते. बाबांचं जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे, आणि त्याहून मोठी त्यांची ओळख म्हणजे पाणी समिती. गोड्या पाण्यासाठी ते माझ्या जन्माच्या आधीपासून पत्रकं काढत आले. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालताना. आई ती चिकटवायला खळ शिजवायची, आणि भिंतीवर पत्रक कुठे लावलं की लोक थांबून वाचतात हे मला शाळेत जाण्याआधी कळत होतं. पुढे मी स्वतः लिहायला लागले. पाण्याबद्दल, रेशनबद्दल, दवाखान्यात रुग्णाला काय विचारायचा हक्क आहे त्याबद्दल. अशा घरात मी काढा पीत बसले, कारण आमच्या पट्ट्यात लाल लघवीचा दुसरा अर्थ असू शकतो हे कोणालाच सुचलं नाही. तुमच्या लघवीत रक्त दिसलं, दुखो वा न दुखो, तर काढा पिऊ नका. सोनोग्राफी करा. हे एक वाक्य कोणी भिंतीवर लावलं असतं तर मी थांबून वाचलं असतं.

जरा बाहेर बसा

शहरातल्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली, मग स्कॅन झालं. हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही, कारण असं एकच हॉस्पिटल नाही. सर्जन तरुण होते, केस नीट विंचरलेले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसू द्या."

पेशंट म्हणजे मी. मी उठले नाही. बाबांनी माझ्या खांद्याला हात लावला. ज्या माणसानं मला मोर्च्यात तहसीलदारापुढे उभं केलं होतं, तो म्हणाला, "बस जरा बाहीर, बेटा. मी ऐकून घेतो."

मी बाहेर बसले. का बसले ते आजही मला सांगता येत नाही. त्या क्षणी पायांनी ऐकलं, डोक्यानं नाही. आई माझ्याशेजारी बसून पदराच्या टोकाला पीळ देत होती. दार बंद होतं. आतमध्ये माझ्या शरीराबद्दल दोन पुरुष बोलत होते, आणि मी समोरच्या भिंतीवरचं हसऱ्या बाळाचं चित्र पाहत होते.

बाबा बाहेर आले ते तारीख घेऊनच. "गाठ हाये किडनीत. काढून टाकू म्हनते. सरकारी योजनेत बसते."

योजनेत बसते. हे दोन शब्द ते असे म्हणाले जणू तेच निदान होतं.

बाकीचं बाबांनी आईला एकटीला गाठून सांगितलं होतं, ते मला एसटीत आईनं सांगितलं. बाबा पुढच्या सीटवर होते आणि आईला गप्प राहणं जमत नाही, देव तिचं भलं करो. "छातीतबी हाये म्हनते काही दाने. त्याचं मंग पाहू म्हने डॉक्टर. तुले सांगू नोको म्हनले बाबा."

"कॅन्सर हाये का, आई?"

"हाव," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "शेंगदान्याचे लाडू आनले होते, खातं का?"

मी लाडू खाल्ला. भूक नव्हती, पण तिच्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

प्रूफ

पुढचे दिवस घरात माणसांचा बाजार भरला. कोणी शहाळं, कोणी बिस्किटाचे पुडे. सगळ्यांचं एकच म्हणणं, लवकर काढून टाका. आमच्या भागात शेत निंदणाऱ्या माणसांना दुसरं सुचत नाही, तण दिसलं की मुळासकट उपटायचं. मीही तेच धरून चालले होते. मलाही ती गाठ शरीराबाहेर हवी होती, आणि तारीख ठरली याचं मला बरंच वाटत होतं, हे लपवत नाही. छातीतल्या दाण्यांचा विचार आला की मी तो बाजूला सारायचे. डॉक्टरच म्हणाले ना, नंतर पाहू.

त्यातच एके दुपारी रईसभाईंचा मेसेज आला. रईसभाई आमची पत्रकं छापतात. गेली कितीतरी वर्षं समितीच्या प्रत्येक पत्रकाचं प्रूफ मीच तपासते, त्यामुळे त्यांनी सवयीनं पाठवलं. "ताई, मोर्च्याचं पत्रक. पाहून घ्या, संध्याकाळले मशीनवर चढवतो."

मी ते उघडलं. शीर्षक होतं: "अजून किती किडन्या पाहिजेत?" त्याखाली बाबांनी लिहिलं होतं की या खाऱ्या पाण्यानं माझ्या तरुण मुलीची किडनी खाल्ली, ती काढून टाकावी लागली, आणि आता सरकारनं आम्हाला पाणी द्यावं नाहीतर आमच्या लेकरांच्या किडन्या मोजून घ्याव्यात. खाली माझं पूर्ण नाव होतं, वय होतं.

वाक्यं चांगली होती. एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. फक्त माझी किडनी अजून माझ्या पोटात होती.

मी रईसभाईंना फोन केला. "चढवू नका."

"काऊन? चूक हाये का?"

"तुम्ही वाचलं नाही का रईसभाई, त्यात काय लिहिलंय?"

मग ते म्हणाले, "या अल्ला. ताई, मी नावच नाही पाहिलं. मी तं फक्त मात्रा उडल्या का तेवढं पाहतो." त्यांनी कोणाला तरी पत्रक बाजूला ठेवायला सांगितलं. "एक सांगू का, राग नाही धरणार तं? माझी भाभी नागपूरला दाखवते, कॅन्सरच्या मॅडमला. तिचंबी किडनीचंच हाये. तिची नाही काढली त्यायनं. औषध देऊन राह्यले. कापायच्या आधी एक बार विचारून पाहा."

तिची नाही काढली. म्हणजे न काढण्याचाही रस्ता असतो. हे मला एका छपाईवाल्याच्या फोनवरून कळावं याचा मला इतका राग आला की मी तशीच उठून दुकानात गेले.

दुकानात

बाबा तांब्याची तार गुंडाळत होते. मी म्हटलं, "ते पत्रक मागं घ्या."

"काऊन?"

"खोटं आहे."

"काय खोटं हाये? पानी गोड झालं का आमचं?"

"माझी किडनी काढली नाही अजून."

"काढतेच नं. मोर्चा त्याच्या मंग हाये."

"म्हणजे माझं ऑपरेशन तुमच्या मोर्च्याच्या हिशेबानं ठरलं?"

त्यांनी तार खाली ठेवली. "तसं नोको बोलू. तारीख डॉक्टरनं देल्ली. मोर्चा आमी मंग ठरवला."

"मला विचारलं कोणी? ऑपरेशन विचारून ठरवलं नाही, पत्रक विचारून लिहिलं नाही. छातीत आहे हे सांगायलासुद्धा आई लागली. आणि रुग्णाच्या हक्काचं पत्रक याच दुकानातून वाटलं आपण."

बाहेर मोटार घेऊन एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "मले कोनाचं तं नाव पाहिजे, बेटा. पान्याचा दोष नसला तं मंग कोनाचा? माहा का? तुले काढा पाजू देल्ला त्याचा?"

इथे मी विरघळायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी विरघळले नाही. मला वाईट वाटलं आणि रागही तसाच राहिला, दोन्ही एकदम. माझ्या आजाराला गुन्हेगार हवा म्हणून माझं पोट फाडता येणार नाही. मी म्हटलं, "नागपूरला जायचं आहे. तुम्ही या नाहीतर मी एकटी जाते."

"येतो," ते म्हणाले. "पन डॉक्टरले मी एक गोष्ट इचारीन."

नागपूर

मॅडमनी सगळ्यात आधी मला खुर्ची दाखवली, मग बाबांना, मग आईला. एवढ्यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या छोट्या गोष्टीनं डोळे भरावेत इतकी वाईट आपल्या दवाखान्यांची रीत आहे.

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. गाठ किडनीत आहे, पण छातीत दाणे आहेत आणि पाठीच्या एका मणक्यातही आहे. किडनी काढली तरी ते तिथेच राहणार. ऑपरेशनची जखम भरून येईपर्यंत काही आठवडे औषध देता येत नाही, आणि तेवढ्या काळात छातीतलं वाढत राहू शकतं. काही रुग्णांना आधी ऑपरेशन केलेलं चांगलं पडतं, ज्यांचं पसरणं थोडं असतं आणि तब्येत ठणठणीत असते. काहींचं इतकं सावकाश वाढतं की नुसतं लक्ष ठेवतात. "तुमचं रक्त कमी आहे, वजन उतरलंय, कॅल्शियम वाढलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांना मी आधी औषध सुचवते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध, सलाइनच्या ठिबकातून, आणि जोडीला रोजच्या गोळ्या. किंवा नुसत्या गोळ्या. किडनीचं काय करायचं ते औषधाचा गुण पाहून ठरवू."

मी विचारलं, "बरी होईन का?"

"पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. आटोक्यात राहू शकतं. किती काळ, ते आज मला माहीत नाही."

आजपर्यंत मला कोणी दिलेलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं. ऐकायला ते सोपं नव्हतं. तरी मी ते पुन्हा मागेन.

मग बाबांनी त्यांचा प्रश्न विचारला. "मॅडम, आमचं पानी खारं हाये. त्याच्यानंच झालं नं हे?"

"किडन्या निकामी होणं वेगळं आणि हा कॅन्सर वेगळा, बाबा. पाण्यानं हा झाला असं मला म्हणता येणार नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही.

औषध सुरू करायच्या आधी सुई घालून गाठीचा तुकडा तपासायचा होता, कॅन्सरची जात कळावी म्हणून. ही बातमी गावात पोचली आणि आत्याचा फोन आला. "सुई टोचू देऊ नोको. सुई लागली की फुटते आनं पसरते. आमच्या इथलीचं तसंच झालं."

"पसरलेलंच आहे, आत्या."

"मंग अजून पसरन."

मॅडमना विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, असं होणं फारच दुर्मीळ आहे, आणि जात माहीत नसताना औषध देणं जास्त धोक्याचं. मी सुई टोचून घेतली. दुखलं. मग थांबलं.

आईचा प्रश्न मात्र आत्याच्या फोनपेक्षा अवघड होता. धर्मशाळेच्या खोलीत माझे केस विंचरताना ती म्हणाली, "पोटात तसंच ठेवून कशी निजशीन व माय? घरात इच्चू दिसला तं आधी इच्चू मारते का औषध आनते मानूस?"

"विंचू एकच असता तं मारलाच असता, आई. घरभर हायेत."

तिनं कंगवा थांबवला, मग पुन्हा फिरवायला लागली. मी तिला समजावत होते तितकीच स्वतःला. कारण आतून मलाही तेच वाटत होतं. गाठ ठेवून जगायचं, ही कल्पना रोज नव्यानं गिळावी लागते. कोणी तुम्हाला आधी औषध सुचवलं आणि तुम्हाला ते ऐकून भीती वाटली, तर तुम्ही अडाणी नाही. पण भीती वाटते म्हणून ऑपरेशन करू नका, आणि योजनेत बसतं म्हणून तर नकोच. विचारा: माझं पसरणं किती? माझी तब्येत कोणत्या गटात? आधी काढलं तर काय, नाही काढलं तर काय? उत्तर नीट देत नसतील तर दुसरीकडे विचारा.

ठिबकाची सोय रुग्णालयातल्या समाजसेवा विभागानं धडपड करून लावून दिली. माझी लागली. माझ्यापुढे रांगेत असलेल्या एका माणसाची लागली नाही, आणि तो "ठीक आहे" म्हणून उठून गेला. कापायला सरकार तयार आहे, आणि वाचवणारं औषध द्यायचं म्हटलं की धडपड लागते. त्याचं ते "ठीक आहे" माझ्या डोक्यातून जात नाही.

शहरातल्या सर्जनना मी स्वतः फोन करून तारीख रद्द केली. ते म्हणाले, "वडिलांशी बोलायचंय." मी म्हटलं, "पेशंटशी बोला." त्यांनी फोन ठेवला.

मोर्चा

मोर्चा निघाला त्या दिवशी माझं ठिबक होतं, म्हणून मी नव्हते. पत्रक नवीन निघालं होतं. त्यात माझं नाव नव्हतं. बाबांनी पाण्याबद्दल जे खरं आहे तेवढंच लिहिलं होतं, आणि ते मी वाचून पास केलं. पहिल्यासारखं धारदार नव्हतं.

गावी परतल्यावर शेजारची सुमनकाकू आली. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "तुह्यं नाव असतं तं पेपरवाले आले असते. तरन्या पोरीची किडनी म्हटलं की कलेक्टर उतरला असता खाली. निवेदन घेतलं आनं वापस पाठोलं आमाले. तुले तुह्या खऱ्याचं पडलं. आमचं पानी कोन आनते?"

"काकू, ते खोटं होतं."

"मायत हाये मले. आमच्या ह्याचं तं खरं हाये नं? त्याचा फोटो कोनी छापला?"

खोट्यावर उभा केलेला मोर्चा एका डॉक्टरच्या एका वाक्यानं कोसळला असता, आणि मग सुमनकाकूच्या नवऱ्याचं खरं दुखणंही खोट्यात जमा झालं असतं, हे मी तिला सांगितलं. ती ऐकून गेली. पटलं असं म्हणाली नाही. मला तिचा राग आला नाही. राग आला तो अशा जिल्ह्याचा, जिथे म्हाताऱ्या माणसाची किडनी बातमी होत नाही आणि तरुण मुलीची होते.

पुढचे महिने गोळ्यांचे. तळहात-तळपाय सोलले, जुलाब झाले, आवाज बसला, रक्तदाब वर गेला. मॅडमनी एकदा गोळ्या थोडे दिवस थांबवल्या, मग कमी करून पुन्हा दिल्या. आई रोज पायांना खोबरेल लावते. बाबा सकाळी दुकान उघडायच्या आधी माझा रक्तदाब मोजतात, मशीनचा आकडा मोठ्यानं वाचतात आणि लगेच माझ्याकडे पाहतात.

स्कॅननंतर

काल पहिलं मोठं स्कॅन झालं. छातीतले दाणे लहान झालेत, काही दिसत नाहीत. मणक्यातलं तसंच आहे. किडनीतली गाठ थोडी आकसली आहे. मॅडम म्हणाल्या, "औषधाचा गुण येतोय. आता किडनी काढण्याचा विचार करता येईल. करायलाच हवं असं नाही. औषध असंच चालू ठेवणं हाही रस्ता आहे. दोन्हीत फायदा-तोटा आहे." आणि त्यांनी दोन्ही समजावून सांगितले.

सांगून झाल्यावर त्या थांबल्या. आईनं सवयीनं बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांचे ओठ हलले, मग त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"तिले इचारा," ते म्हणाले.

मी म्हटलं, मला विचार करायला वेळ हवा. मॅडम म्हणाल्या, घ्या. आम्ही तिघं बाहेर येऊन बाकावर बसलो. आईनं डबा उघडला, भाकरीचे तुकडे केले. बाबा रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन समोर पाहत होते. आम्ही जेवलो, पाणी प्यायलो, डबा बंद केला, आणि एवढ्या वेळात मी काय करावं हे मला कोणीही सांगितलं नाही.